साठ भरले त्या दिवशी

१

मोजणीनं आमचा दिवस सुरू व्हायचा. साडेदहाच्या सुमाराला गोजरबाई मैदान झाडून, रांजण भरून बाजूला व्हायची. मुलं उंचीप्रमाणे एका रांगेत उभी राहायची आणि डावीकडून एकेकानं आपला आकडा खड्या आवाजात सांगायचा. उजव्या टोकाचा वसराम "साठ!" असं ओरडला की मी पटावर नजर टाकायचो. पटावरही साठ. मग वर्ग.

हे १९७४ सालचं. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. जवळा बाजारपासून दीड कोसावर हा तांडा, तांड्याबाहेर पत्र्याची एक लांबट खोली, आणि तिथला एकुलता एक शिक्षक मी. गणित घेऊन बी.एस्सी. झालेला. बरोबरीची पोरं औरंगाबादेत नोकऱ्या शोधत होती. मी तांड्याची शाळा मागून घेतली होती. पहिल्या वर्षी पटावर बावीस मुलं होती. घरोघरी जाऊन, भांडून, पाया पडून मी ती साठ केली. त्या आकड्याचा मला किती अभिमान होता, ते आता सांगायलाही नको वाटतं.

सगळ्यांत शेवटी आली बेबी. प्रेमसिंगची आठ वर्षांची पोर. तिची आई भिकाबाई काही केल्या तयार होईना.

"पोरगी शेळ्या राखते, गुरुजी. शाळेत जाऊन काय कलेक्टर व्हायची हाये?"

"झाली तर?"

"मंग शेळ्या कोन राखंल? तुमी?"

"मी राखीन," मी म्हणालो. "भिकाबाई, पोरगी माझ्या जबाबदारीवर द्या. जशी नेतो तशी परत आणून देतो."

या एका वाक्यावर तिनं पोरगी दिली.

बेबी सगळ्यांत बुटकी, म्हणून रांगेत पहिली. आणि इथंच मला एक गोष्ट खुपायची. रांगेतलं पहिलं मूल 'एक' म्हणायचं नाही. ते म्हणायचं 'लाभ'. लाभ, दोन, तीन, चार... खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला लाभ म्हणतात. माझे वडील, जळबा, बाळापूरला दुसऱ्यांच्या खळ्यांवर राबले, त्यांच्या तोंडून मीही ते ऐकलं होतं. पण ज्वारीचं ज्वारीपाशी. शाळेत पहिली संख्या एक.

"बेबी, लाभ नाही. एक म्हण."

ती गोजरबाईकडे बघायला लागली. गोजरबाई लहानपणी बैलांच्या तांड्यांबरोबर चाललेली म्हातारी. हातातला खराटा तसाच धरून ती जवळ आली.

"आधी तं लेकरं मोजूच न्हाई, गुरुजी. आन् मोजलीच तर पहिल्याला एक म्हणू न्हाई."

"काहून?" मी मुद्दाम तिच्याच बोलीत विचारलं.

"बैल मोजताना बी न्हाई म्हणत आमी."

"ही बैलं नाहीत. बेबी, एक म्हण!"

माझा आवाज चढला होता. बेबीनं खाली बघितलं आणि म्हणाली, "एक." इतक्या हळू, की वाटलं ती आकडा सांगत नाही, कुणाला तरी हाक मारते आहे.

२

त्याच आठवड्यात मी फळ्यावर माझी संख्या लिहिली.

माझी म्हणजे मी कॉलेजात असताना शोधलेली. दोनपासून वीसपर्यंत प्रत्येक संख्येनं ज्याला पूर्ण भाग जातो, असा सगळ्यांत लहान आकडा काढला: तेवीस कोटी सत्तावीस लक्ष ब्याण्णव हजार पाचशे साठ. मग त्यात एक मिळवला. २३,२७,९२,५६१. आता दोननं भागा, बाकी एक. तीननं भागा, बाकी एक. सातानं, अकरानं, तेरानं, एकोणिसानं, कशानंही भागा, बाकी एकच. आणि वीसच्या पुढे? पंधरा हजार दोनशे सत्तावन्नपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की निकाल लागतो. त्यात मी उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या घालवल्या. एकीनंही भाग गेला नाही. तिला तिच्या स्वतःशिवाय आणि एकशिवाय कुणी नव्हतं. एवढी मोठी आणि एवढी एकटी संख्या! मला ती फार आवडायची.

थोरल्या मुलांना मी एकेक भाजक वाटून दिला. पाट्यांवर लेखण्या करकरायला लागल्या. थोड्या वेळानं एकेक जण उठून ओरडायला लागला.

"बाकी एक!"

"माझीबी बाकी एक!"

"गुरुजी, ह्यानं माझं बघून लिहिलं!"

"मी काहून बघू? माझा तेरा हाये, तुझा नऊ हाये, येड्या!"

खोलीत जत्रा भरल्यासारखं झालं. ज्यांच्या आज्यापणज्यांना सही येत नव्हती ती पोरं कोटीच्या आकड्याला भागत होती. मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात पुढे बसलेल्या बेबीनं विचारलं, "गुरुजी, मंग तो एक कुठं जातो?"

"कुठं जात नाही. तो उरतो."

"उरतो, मंग राहतो कुठं?"

सगळे हसले. मीही हसलो. मग फळा पुसायला घेतला.

३

फळ्यावरचं मैदानात दाखवायचं, ही माझी रीत. भाग न जाणारी संख्या झाली, आता भाग जाणारी दाखवू म्हणून मी मुलांना बाहेर काढलं. आपण साठ. साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा, सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. कुणीही उरत नाही.

"दोनदोनच्या जोड्या करा."

जोड्या झाल्या. मागे तुकाराम एकटा उभा राहिला.

"कोण आलं नाही आज?" मी विचारलं. सगळे आले होते. सकाळी वसराम साठ म्हणाला होता.

"तीनतीनच्या ओळी." एक मुलगी उरली. चारचारच्या केल्या, एक मुलगा उरला. पाचच्या. सहाच्या. प्रत्येक वेळी वेगळं मूल, पण उरायचं एकच. सहाच्या दहा ओळी आणि बाजूला एक. फळ्यावरच्या माझ्या संख्येचं धाकटं भावंड उन्हात माझ्यासमोर उभं होतं: एकसष्ट.

धाकटी भावंडं मागे लागून शाळेत येतात, त्यातलं कुणी असणार. मी हजेरी घेतली. ज्याचं नाव येईल त्यानं 'हजर' म्हणून खाली बसायचं. साठ नावं संपली तेव्हा उभं कुणीच नव्हतं. जे होतं ते सगळं बसलेलं होतं आणि प्रत्येकाचं नाव मला येत होतं. परत ओळी केल्या. परत एक उरला.

मी चिडलो. गणितात चिडायचं नसतं, पण मी चिडतो. तेलाचा रिकामा डबा आणला, प्रत्येकाला एकेक खडा उचलायला सांगितला आणि डब्यापाशी उकिडवा बसलो. मी नाव घ्यायचो, ते मूल यायचं, खडा टाकायचं. टण. पुढचं नाव. टण. माझी नजर डब्यावरून हलली नाही. दोन खडे एकदम पडले नाहीत. नाव न घेता कुणी आलं नाही.

साठ नावं संपली. मी डबा जमिनीवर ओतला आणि दहादहाचे ढीग लावले. सहा ढीग झाले, आणि एक खडा माझ्या हातात राहिला.

४

शाळा सुटल्यावर गोजरबाई रांजण पालथा घालत होती. तिनं वर न बघता विचारलं, "किती भरले, गुरुजी?"

"एकसष्ट," मी हसून म्हणालो. ती चेष्टा करेल, मी चेष्टा करीन, आणि विषय संपेल असं वाटलं.

"बरं हाये," ती म्हणाली.

"काय बरं आहे? पटावर साठ आहेत."

"एकसष्ट हायेत तवर आपले साठ हायेत. ज्या दिशी साठ भरतील त्या दिशी मला हाक मारा."

"आणि हे एकसष्टावं कोण?"

"शिकलेले तुमी. बोलावलं तुमी. मी अडाणी बाई काय सांगू?" तिनं खराटा उचलला आणि ती निघून गेली.

मी स्वतःवरच वैतागलो. अशा बोलण्यातून माझी माणसं बाहेर पडावीत म्हणून तर मी शिकलो होतो. चूक मोजण्यात आहे, आणि ती मी शोधून काढणार. रोज खडे टाकायला लावायला लागलो. रोज एकसष्ट.

मग मला ऐकू यायला लागलं.

दुपारी सगळी मुलं एका सुरात पाढे म्हणायची. बे एके बे, बे दुणे चार. बे दाहे वीसला सगळे एकदम थांबायचे. आणि सगळे थांबल्यावर, पापणी लवेल एवढ्या उशिरानं, एक आवाज थांबायचा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून मी पाढे मैदानात म्हणून घेतले. उघड्या माळावर काही घुमत नाही. वीस. आणि मागून, कुणीतरी दुसऱ्यांचं ऐकून म्हणावं तसं, वीस.

पाट्यांचंही तसंच. "लेखणी खाली ठेवा" म्हटलं की साठ लेखण्या टकटक खाली यायच्या. एक करकर जरा पुढे चालू राहायची.

एकदा सहासहाच्या ओळी केल्या तेव्हा वसराम उरला. सगळ्यांत उंच, ओठावर लव फुटलेला वसराम. त्याला ओळखण्यात चूक होणं शक्य नाही. तो बाजूला उभा राहून माझ्याकडे बघून हसत होता. आणि त्याच वेळी मला सातव्या ओळीत एक उंच पोरगा पाठमोरा दिसला. डाव्या हातानं चड्डी वर ओढत होता, वसराम ओढतो तशी. मी धावलो. ओळीत वसराम होता.

"काय झालं, गुरुजी?"

मी वळून बाजूला बघितलं. तिथं आता बेबी उभी होती. थुंकीनं पाटी पुसत होती. पुसणं झाल्यावर तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघून हसली. वसराम हसला होता अगदी तसं.

त्यानंतर मी ओळी करणं बंद केलं. डबा गोजरबाईला देऊन टाकला. सकाळची मोजणीसुद्धा बंद केली. कुणी कारण विचारलं नाही. कुणी विचारलं असतं तर मी काही तरी शास्त्रीय सांगितलं असतं.

५

मार्चात निरोप आला की जवळा बाजारला देवीची लस टोचायला माणसं येणार आहेत, मुलांना घेऊन या. मी सगळ्यांना चालवत नेलं. लस ही मला पटणारी गोष्ट होती. ती टोचली की रोग होत नाही, इतकं साधं. बऱ्याच दिवसांनी मला मोकळं वाटत होतं. वाटेत मी मुलांना गाणी म्हणायला लावली. शेवटचा आवाज कधी थांबतो इकडे लक्ष दिलं नाही.

टोचणारी नर्सबाई नांदेडकडची, तोंडाची फटकळ.

"गुरुजी, किती आणलेत?"

"साठ."

"गणित कोण शिकवतं शाळेत?"

"मीच."

"मग देवच वाली. एकसष्ट दंड टोचलेत मी. हात मोडायला आला माझा." ती हसली. मीही हसल्यासारखं केलं. म्हणजे डब्यात चूक नव्हती. माझ्यातही नव्हती.

परतताना चार वाजले होते आणि ऊन अजून उतरलं नव्हतं. गावाबाहेर कालव्यावर राखणीला असलेले व्यंकटराव भेटले. मुलांचे चेहरे बघून म्हणाले, "लेकरांला उन्हात काहून भाजून राहिले? कालवा कोरडा हाये, बोगद्यातून निघा. अर्धा कोस वाचंल."

कालवा तिथं एका टेकाडाखालून जातो. दीडशेक पावलांचा बोगदा, मध्ये वाकडा, त्यामुळे या तोंडातून त्या तोंडाचा उजेड दिसत नाही. खरं तर मी नको म्हणायला हवं होतं. पण मला लवकर पोचायचं होतं. मला नेहमीच लवकर पोचायचं असतं. मुलं सावली दिसताच ओरडत आत घुसली. मी त्यांना ओलांडून पुढे धावलो, पलीकडच्या तोंडाशी उभा राहिलो आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक डोक्यावर हात ठेवून मोजायला लागलो. गरम डोकी, घामेजली डोकी, तेल लावलेली डोकी. वसराम शेवटचा आला.

साठ.

मी आत हाक मारली. "कुणी राहिलं का?" कुणी उत्तर दिलं नाही.

साठ! बरोबर साठ! माझ्या अंगावरून ओझं उतरलं. मी एका पोराला खांद्यावर घेतलं आणि नाचत निघालो. जे काही होतं ते तिथं अंधारात राहिलं. सुटलो. दोनेकशे पावलं मी असा चाललो असेन. मग गोजरबाईचं बोलणं आठवलं आणि माझे पाय थांबले.

एकसष्ट होते तोवर आपले साठ होते.

भर उन्हात मी मुलांना ओळी करायला लावल्या. सहाच्या दहा ओळी. कुणी उरलं नाही. पट माझ्याजवळ होता, हजेरी घेतली. साठ नावं, साठ वेळा हजर. एकही नाव कमी नाही, एकही चेहरा अनोळखी नाही. मी ओळींमधून फिरलो. प्रत्येकाच्या दंडावर टोचल्याची खूण होती. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला कुणाकडेच बघवत नव्हतं.

एकसष्टातून एक वजा केला की साठ उरतात. कोणता एक, ते वजाबाकी सांगत नाही.

६

मी सगळ्यांना परत बोगद्याच्या तोंडाशी आणलं, बाभळीच्या सावलीत बसवलं आणि वसरामला सांगितलं, "कुणाला हलू देऊ नकोस." मग आत शिरलो.

पहिली काही पावलं उजेड होता. मग वळण आलं आणि उजेड मागे राहिला. वाळू ओलसर होती. वाघळांचा उग्र वास येत होता. माझ्या चपलांचा आवाज मला मोठा वाटला म्हणून मी थांबलो. तेव्हा ऐकू आलं. कुणीतरी हुंदका गिळत होतं.

"कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"बेबी. बेबी प्रेमसिंग."

बेबीच्या डोक्यावर मी आताच हात ठेवला होता. आताच ती हजर म्हणाली होती. मी मागे वळून उजेडाच्या दिशेनं ओरडलो, "बेबी!"

"हजर, गुरुजी!" बाहेरून लगेच उत्तर आलं. स्वच्छ, मोठ्यानं.

"मी हितं हाये ना, गुरुजी," अंधारातला आवाज म्हणाला. "मी पडले. मला कोणी उठिवलं न्हाई." मग तो आवाज रडायलाच लागला. "याडी... याडी..."

तांड्यात आईला याडी म्हणतात.

माझ्या गुडघ्यापाशी काही तरी हललं आणि एका लहान हातानं माझी करंगळी धरली. हात ओला होता. डोळे पुसल्यासारखा ओला. मी चालायला लागलो आणि तो हात माझ्याबरोबर चालायला लागला. जरा लंगडत. मध्येच नाक ओढल्याचा आवाज यायचा. मी खाली बघितलं नाही. अंधारात दिसणार नव्हतंच, आणि वळण संपत आल्यावर, दिसण्यासारखं झाल्यावर तर अजिबातच बघितलं नाही.

समोर तोंडाचा गोल उजेड दिसला. त्यात बेबी उभी होती.

बाकीची मुलं सावलीत बसली होती. ती एकटी उठून पुढे आली होती. लाल रिबीन, फाटका परकर, उघड्या दंडावर टोचल्याचा ताजा डाग. ऊन तिच्या तोंडावर येत होतं आणि ती डोळेही बारीक करत नव्हती. तिनं माझ्याकडे हात केला. "या ना, गुरुजी."

माझ्या करंगळीभोवतीची बोटं घट्ट झाली.

त्या क्षणी मला जे सुचलं ते मी आयुष्यात कधी विसरणार नाही. मला सिद्धता सुचली. बेबी एकच आहे. बेबी समोर उजेडात उभी आहे. म्हणून माझा हात धरलेली ती बेबी नाही. आणि बाहेर साठ पूर्ण आहेत. कुठंही चूक नव्हती. कॉलेजात अशा उत्तराला मला पूर्ण गुण मिळाले असते.

मी ती बोटं एकेक करून सोडवली. पाच होती. शेवटचं सुटेना, ते जोरात उपटावं लागलं.

"गुरुजी," खालून आवाज आला. "मी येते ना संगं."

मी पळालो. उजेडात आलो तेव्हा बेबीनं माझा हात धरला. तिचा हात कोरडा होता. थंडही नव्हता, गरमही नव्हता. ती माझ्याबरोबर पळायला लागली आणि तिच्यामागे सगळे पळायला लागले. खेळ आहे असं वाटून मुलं खिदळत होती. त्या गोंधळात मागून काही हाक आली की नाही, ते मला सांगता येणार नाही. मी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं.

७

तांड्यावर भिकाबाई वाटच बघत होती. "आणली का माझी पोर?" ती म्हणाली आणि बेबीला तिनं कडेवर उचललं, आठ वर्षांच्या घोडीला. मी मान हलवली.

गोजरबाई शाळेच्या दारात उभी होती. "किती भरले?" तिनं विचारलं.

तिला हाक मारायची होती. तेवढंच तर तिनं सांगितलं होतं.

"एकसष्ट," मी म्हणालो.

तिनं माझ्यामागच्या रिकाम्या वाटेकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं हाये," आणि गेली.

पहाट होईपर्यंत मी स्वतःशी वाद घालत होतो. ती दुसरी होती, तर अंधारात नक्कल करायला समोर कुणी नसताना तिला रडू कुठून आलं? ती लंगडत का होती? तिचा हात ओला का होता? मी तिला आणलं असतं, दोघींनाही आणलं असतं, तर फार तर काय झालं असतं? एकसष्ट झाले असते. रोज होतेच की.

फटफटायला लागलं तेव्हा मी निघालो होतो. कंदील, दोरी, भाकरीही घेतली होती. टेकाडाच्या अलीकडेच मला आवाज ऐकू आला आणि तो कसला आहे हे कळूनही मी चालत राहिलो. कालवा काठोकाठ भरून वाहत होता. गढूळ पाणी, वर काटक्या आणि वाळका पाला. बोगद्याचं तोंड दिसत नव्हतं. पाणी येऊन सरळ टेकाडात घुसत होतं.

काठावर व्यंकटराव दात घासत उभे होते. "मधल्या राती हुकूम आला, सोडलं," ते म्हणाले. "नशीब, काल लेकरं निघून गेली. समदी पोचली ना बराबर?"

"समदी," मी म्हणालो.

साडेदहाला मुलं आली. त्यांच्या मागून भिकाबाई आली. एका हाताशी बेबी, दुसऱ्या हातात पळसाच्या पानात बांधलेला लोण्याचा गोळा. तो तिनं माझ्या टेबलावर ठेवला.

"मी न्हाई म्हणत होते शाळेला, गुरुजी. चुकलं माझं."

"काय झालं?"

"काय व्हणार? शेळ्याच तेवढ्या रातभर वरडून राहिल्या, काहून काय माईत." ती हसायला लागली. तिचे डोळे भरून आले होते. "पोरीनं काल घरात पाय ठेवला आन् मला म्हणली, आई. आवो, याडी म्हणायची जल्मापासून. आता सारखं आई, आई. पुस्तकातल्यावानी. सुद्द. तिचा बा म्हणला, ही तं बामनीण झाली." तिनं बेबीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे सरकवलं. "म्हण गं, गुरुजीसमोर म्हण येकडाव."

बेबीनं मान वर केली. आईकडे तिनं बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली.

भिकाबाई माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी काहीतरी बोलावं म्हणून.

"हुशार आहे तुमची मुलगी," मी म्हणालो.